सरकता फेडर आणि कर्तेपणाचा प्रश्न

संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘कंट्रोल सरफेस’ नावाचे जे यंत्र जोडले जाते, त्यातून आवाज जात नाही. त्याच्याविषयी सर्वांत आधी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. दिसायला ते जुन्या मिक्सिंग कन्सोलसारखे असते. त्यावर उभ्या खाचेत वरखाली सरकणाऱ्या मुठी, म्हणजे फेडर, असतात. त्यांच्या वरच्या बाजूला गोल फिरणारे नॉब आणि आजूबाजूला प्ले, स्टॉप, रेकॉर्ड, म्यूट, सोलो अशी बटणे असतात. परंतु जुन्या कन्सोलच्या फेडरमधून ध्वनीचा विद्युत्संकेत प्रत्यक्ष वाहत असे आणि फेडर खाली ओढला की तो संकेतच क्षीण होत असे, तसे येथे काही होत नाही. येथला फेडर स्वतःची जागा सांगणारा एक आकडा तेवढा पाठवतो. तो आकडा वाचून सॉफ्टवेअर स्वतःच्या आत त्या ट्रॅकचा, म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या एकेका आवाजाचा, जोर कमीअधिक करते. हात एकीकडे हलतो आणि कार्य दुसरीकडे घडते. फेडरला मोटर बसवलेली असेल, तर याच्या उलटही घडते: गाणे वाजू लागले की कोणाचाही हात न लागता फेडर वरखाली होऊ लागतात. या हालचालीचा कर्ता कोणाला म्हणावे आणि तिच्या बऱ्यावाईटाचा धनी कोण, हा प्रश्न तंत्रज्ञाला पडो न पडो, तत्त्वज्ञानाला पडलाच पाहिजे. कारण कर्ता, करण आणि दैव यांविषयी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके जो खल केला आहे, त्याला पोथीबाहेरचे इतके उघडे उदाहरण क्वचितच मिळते.

हात आणि कार्य यांच्यामधला दुवा म्हणजे एक करार होय. वाद्यांनी आणि संगणकांनी एकमेकांशी बोलावे यासाठी 1983 मध्ये ‘मिडी’ नावाची संकेतपद्धती प्रचारात आली आणि बहुतेक कंट्रोल सरफेस आजही तिच्याच आधाराने चालतात. 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मॅकी कंपनीने प्रो टूल्स या सॉफ्टवेअरसाठी ‘ह्यूई’ हे यंत्र काढले आणि काही वर्षांनी ‘मॅकी कंट्रोल’ आणले. या दोन यंत्रांचे करार इतके रुळले की आज इतर कंपन्यांची यंत्रेही स्वतःची ओळख मॅकी कंट्रोल अशीच सांगून क्यूबेस, रीपर, लॉजिक यांसारख्या सॉफ्टवेअरशी बोलतात. मॅकी कंट्रोलचा करार बारकाईने पाहिला तर चकित व्हायला होते. मिडीचा साधा संदेश 0 ते 127 अशा 128 पायऱ्यांचा असतो आणि आवाजाचा जोर हळुवारपणे बदलायला त्या अपुऱ्या पडतात, म्हणून फेडरची जागा सांगण्यासाठी ‘पिच बेंड’ हा 16,384 पायऱ्यांचा संदेश वापरलेला आहे, जो मुळात सिंथेसायझरवरचा स्वर वाकवून मींडेसारखा परिणाम साधण्यासाठी योजलेला होता. बटणे तर चक्क स्वर म्हणूनच पाठवली जातात. प्लेचे बटण म्हणजे 94 क्रमांकाचा स्वर आणि स्टॉपचे बटण म्हणजे 93 क्रमांकाचा. आपण स्वर आहोत की आज्ञा, हे त्या संदेशाच्या अंगावर कोठेही लिहिलेले नसते.

त्यामुळे जोडणी करताना एक घोटाळा सहज होतो. सॉफ्टवेअरमधील वाद्यांच्या ट्रॅकना ‘सर्व मिडी इनपुट’ एकत्र ऐकण्याची मुभा असते आणि कंट्रोल सरफेसचे पोर्ट, म्हणजे संदेश आत येण्याचा मार्ग, त्या गटातून वगळले नाही, तर गायकाचा आवाज कमी करण्यासाठी ओढलेला फेडर मुद्रणासाठी सज्ज ठेवलेल्या सिंथेसायझरच्या ट्रॅकवर जाऊन तिथला स्वर बेसूर करतो आणि प्लेचे बटण दाबताच भलताच एक उंच स्वर वाजतो. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो कोणी ठरवलेला नाही, असे मीमांसकांनी मानले. नैयायिकांनी तो संकेताचा, म्हणजे ‘या शब्दाने हा अर्थ समजावा’ अशा ठरवाचा, संबंध मानला. वेदांविषयी या वादाचा निकाल काहीही लागो, येथे नैयायिकांचा पक्ष डोळ्यांनी पाहता येतो: संदेश तोच, पण एका ऐकणाऱ्याने त्याला आवाजाचा जोर समजायचे ठरवले आहे आणि दुसऱ्याने स्वराचा वाक. जोडणी करणे म्हणजे तारा खोचणे नव्हे, तर कोणी काय ऐकायचे आणि काय ऐकायचे नाही, याची व्यवस्था लावणे होय. कर्त्याचे काम फेडरला हात लागण्याच्या कितीतरी आधी, या व्यवस्थेतच सुरू झालेले असते.

याच व्यवस्थेत आणखी एक निवड असते आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये यंत्राचा प्रकार निवडल्यावर दोन पोर्ट सांगावी लागतात, एक येण्याचे आणि एक जाण्याचे. पहिले निवडले की यंत्रावरचा फेडर हलवताच पडद्यावरचा फेडर हलतो आणि काम झाले असे वाटते. दुसरे रिकामेच राहते. मग हाताचे म्हणणे सॉफ्टवेअरला कळते, पण सॉफ्टवेअरचे म्हणणे हाताला कळत नाही. माउसने तबला जरा खाली घेतला, तरी यंत्रावरचा फेडर जागचा हलत नाही आणि नंतर केव्हातरी तो फेडर बोटाने किंचित जरी सरकला, तरी तबल्याचा आवाज उडी मारून जुन्या जागी जातो. मोटर नसलेल्या स्वस्त यंत्रांत ही अडचण कायमचीच असते, म्हणून तेथे ‘पिकअप’ नावाची सोय करतात: यंत्रावरचा फेडर सरकत सरकत सॉफ्टवेअरमधल्या किमतीला येऊन मिळेपर्यंत त्याचे काहीच ऐकायचे नाही, मिळाल्यावर मात्र दोघांनी बरोबर चालायचे. सांख्यदर्शनाने पाच ज्ञानेंद्रिये आणि पाच कर्मेंद्रिये वेगळी मोजली. त्या मोजणीत हात हे कर्मेंद्रिय आणि त्वचा हे ज्ञानेंद्रिय. तळहाताच्या ठिकाणी ही दोन्ही एकत्र नांदतात, म्हणूनच अंधारातही हात वस्तू उचलतो आणि ती उचलली गेल्याचे त्यालाच कळते. जाण्याचे पोर्ट रिकामे असलेले यंत्र त्वचा गमावलेल्या हातासारखे असते. ते करू शकते, पण केले त्याचे काय झाले हे त्याला समजत नाही. ह्यूईच्या करारात तर सॉफ्टवेअर थोड्याथोड्या वेळाने यंत्राची विचारपूस करणारा संदेश पाठवते आणि यंत्राकडून उत्तर आले नाही, तर संबंध तुटल्याचे जाहीर करते. कर्माला परतीची वाट लागते ही गोष्ट अभियंत्यांनी येथे करारातच लिहून ठेवली आहे, आणि कर्तेपणाच्या कोणत्याही विचारात तिला मध्यवर्ती स्थान मिळायला हवे.

पाणिनीच्या व्याकरणात क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता आणि क्रिया सिद्धीस नेण्यात जे सर्वाधिक उपकारक ते करण, अशी व्यवस्था आहे. कुऱ्हाडीने लाकूड तोडले जाते तेव्हा तोडणारा कर्ता असतो आणि कुऱ्हाड करण असते. परंतु कोणाला कर्ता म्हणून मांडायचे हे बोलणाऱ्याच्या विवक्षेवर, म्हणजे त्याला काय सांगायचे आहे यावर, अवलंबून असते हेही वैयाकरणांनी मान्य केले; भांडे शिजवते, तलवार कापते, असे म्हटले तरी भाषा बिघडत नाही. ‘फेडर खाली आला’, ‘ऑटोमेशनने आवाज घेतला’ ही स्टुडिओतली रोजची वाक्ये याच सवलतीवर चालतात. ही सवलत वाक्यरचनेपुरती आहे. एखाद्या ख्यालाच्या मुद्रणात समेवर येताना मुखडा तबल्याच्या आवाजात बुडाला, तर ‘फेडर खाली आला’ हे वर्णन होते, खुलासा होत नाही, आणि गायकाला खुलासा हवा असतो.

गीतेच्या 18 व्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, आणि ही पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा तेथला अभिप्राय आहे. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने हा विचार मराठीत आणला. स्टुडिओतल्या कर्मात यांपैकी पहिली चार ओळखायला अडचण पडत नाही: देह आणि तो जेथे बसला आहे ते टेबल, मिक्स करणारा माणूस, फेडर आणि सॉफ्टवेअर, आणि बोटांच्या हालचाली. प्रश्न पाचव्याचा आहे. हात न लागता फेडर सरकतो, तेव्हा तेथे दैव म्हणून काय काम करत असते?

एके काळी येथे चेष्टा हेच सर्वस्व होते. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गाइसबर्ग यांनी नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा विजेवर चालणारा मायक्रोफोन मुद्रणात आलेलाच नव्हता. गायकाने धातूच्या कर्ण्यासमोर गायचे आणि ध्वनीच्या दाबानेच सुई हलून तबकडी कोरली जायची. त्या काळी स्वर चढला की गायकाने मागे सरायचे, उतरला की पुढे यायचे आणि वाद्ये कर्ण्यापासून कमीजास्त अंतरावर बसवायची, हेच मिक्सिंग होते. तोल शरीरांच्या अंतराने साधला जाई. पुढे अनेक ट्रॅकांची टेप आली, तेव्हा अवघड गाण्याच्या मिक्सिंगला दोन-तीन तंत्रज्ञ एकाच कन्सोलला खेटून उभे राहत, प्रत्येकाच्या वाट्याला काही फेडर येत आणि कोणाचा हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. ते एक प्रकारचे वादनच होते आणि ते संपताच हातांची हालचाल नाहीशी होऊन मागे केवळ ध्वनी उरत असे. 1970 च्या दशकात इंग्लंडमधील नीव्ह कंपनीने ‘नेकॅम’ ही प्रणाली आणली, जिच्यात फेडरच्या हालचाली संगणक लक्षात ठेवत असे आणि मोटरच्या साहाय्याने फेडर त्या पुन्हा करून दाखवत. चेष्टा कर्त्यापासून सुटी होऊन टिकू लागली ती तेव्हापासून.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये या साठवलेल्या हालचालीला ऑटोमेशन म्हणतात. मीमांसकांपुढे असाच एक पेच होता: यज्ञकर्म आज घडते आणि संपते, फळ मात्र कितीतरी काळाने मिळते, तर नाहीसे झालेले कर्म फळ कसे देणार? त्यांनी ‘अपूर्व’ नावाची न दिसणारी शक्ती मानली, जी कर्मातून निपजते आणि फळ हाती येईपर्यंत टिकून राहते. ऑटोमेशनची पडद्यावर दिसणारी रेघ म्हणजे जणू दृश्य झालेले अपूर्व होय. मंगळवारी हाताने फेडर जसा हलवला, तसाच तो शुक्रवारी स्वतःहून हलतो. पाहणाऱ्याला ते दैव वाटते, पण रेघेवर बोट ठेवून सांगता येते की हे अमक्या हाताचे काल-परवाचे कृत्य आहे. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात नेमके हेच प्रतिपादन आहे. तेथे दैव नावाची वेगळी सत्ता नाकारलेली आहे. ज्याला लोक दैव म्हणतात तो पूर्वी केलेलाच पुरुषप्रयत्न, आणि आजचा प्रयत्न व कालचा प्रयत्न हे दोन मेंढ्यांसारखे एकमेकांना टक्कर देतात, त्यांत जो बलवान तो जिंकतो, अशी मांडणी तेथे केलेली आहे.

ही टक्कर मोटर असलेल्या फेडरखाली बोटाला शब्दशः जाणवते. फेडरच्या मुठीवर विद्युत्वाहक लेप असतो आणि बोटाच्या त्वचेचा स्पर्श झाल्याचे यंत्राला त्यामुळे कळते; कळताच ते सॉफ्टवेअरला तसा संदेश पाठवते आणि मोटर जोर लावायचे थांबवते. परंतु नखाने, पेन्सिलीच्या टोकाने किंवा हातमोज्यातून फेडर ढकलला, तर स्पर्श झाल्याचे कळतच नाही आणि मोटर जुन्या रेघेवरून चालतच राहते. फेडर बोटाला मागे रेटतो, थरथरतो, खरखरतो आणि सोडून दिला की झटक्याने आपल्या वाटेवर परत जातो. कालचे कर्म आज किती बळाने समोर उभे राहते, याचा याहून स्पष्ट अनुभव कोणत्याही यंत्राने दिलेला नसेल. त्याच वेळी हेही दिसते की आजच्या प्रयत्नाला बळाची गरज नव्हती. मोटरशी झुंजून कोणी फेडर आपलासा करत नाही. गरज होती ती उघड्या त्वचेच्या स्पर्शाची, म्हणजे ‘येथे आता कोणी आहे’ एवढे कळवण्याची. योगवासिष्ठातला बळाचा निकष येथे थोडा दुरुस्त करावासा वाटतो: कालच्या कर्मापुढे आजचे कर्म टिकते ते जोरावर नव्हे, तर उपस्थितीवर.

स्पर्शानंतर काय घडते ते निवडलेल्या रीतीवर अवलंबून असते. ‘रीड’ या रीतीत फेडर जुन्या रेघेचे निमूट अनुकरण करतो. ‘टच’ या रीतीत बोट आहे तोवरच नवी हालचाल नोंदवली जाते आणि बोट उचलले की फेडर जुन्या रेघेला जाऊन मिळतो. ‘लॅच’मध्ये बोट उचलल्यावरही फेडर शेवटच्या जागी टिकून राहतो आणि पुढची जुनी रेघ त्या जागेने पुसत जातो, थांबवले जाईपर्यंत. ‘राइट’मध्ये तर स्पर्शाचीही वाट पाहिली जात नाही, गाणे वाजू लागले की फेडर जेथे असेल ती जागाच नोंदली जाते आणि जुने सारे मिटते. राइट चालू राहिल्याचे विसरून कोणी नुसते ऐकायला म्हणून गाणे सुरू केले, तर दिवसभराचे काम काही न करता नष्ट होते, आणि हा प्रकार तंत्रज्ञांना चांगला परिचयाचा आहे. न करणे हेही एक कर्म ठरते, हा कर्ममीमांसेतला अवघड सिद्धांत, ज्याची गीतेने अकर्मातील कर्म म्हणून दखल घेतली आहे, येथे एका बटणाच्या दिव्यात पेटलेला असतो. या सर्व रीतींत टच ही सर्वाधिक विवेकी रीत मानायला हवी, कारण तिच्यात पूर्वीच्या कामाचा मान राहतो आणि आजच्या हाताला मोकळीकही मिळते; लॅच सोयीची आहे, पण तिच्यात माणूस निघून गेल्यावरही त्याचे मत चालू राहते.

लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या नावाचे एक संपूर्ण प्रकरण या कोड्याला दिले आहे: कर्माचा नियम जर अखंड असेल, तर मनुष्याला मोकळीक उरते कोठे? त्यांचा कल असा की कर्माचे चक्र खरे असले, तरी त्यातून सुटण्याची प्रवृत्ती देणारा आत्मा त्या चक्राचा भाग नाही, आणि म्हणून प्रयत्नाला अवकाश आहे. आत्म्याविषयी एका यंत्रावरून काही सिद्ध होत नाही आणि तसा दावाही करू नये. मात्र प्रश्नाची रचना तीच आहे: नोंदलेली रेघ अखंड चालते आणि तरी तिच्या प्रत्येक क्षणी ती अडवता येईल अशी एक जागा मोकळी ठेवलेली असते. त्या जागेशी ज्याचा हात पोहोचू शकत होता, तो फेडर हलवो वा न हलवो, तो त्या मिक्सचा कर्ता आहे. कर्तेपण हालचालीच्या मालकीत शोधले, तर मोटर कर्ता ठरते. ते थांबवण्याच्या आणि बदलण्याच्या शक्यतेत शोधले, तर माणूस कर्ता ठरतो, आणि दुसरा शोधच बरोबर आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. माउसनेही फेडर हलवता येतो, रेघ तर पडद्यावर अधिक अचूक ओढता येते. मग आठ फेडरांच्या या यंत्राचे विशेष महत्त्व कशासाठी? फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी 1945 च्या आपल्या प्रत्यक्षानुभवावरील ग्रंथात एका ऑर्गनवादकाचे उदाहरण दिले आहे. त्याच्या सवयीच्या वाद्याहून वेगळी मांडणी असलेल्या ऑर्गनवर तो तासाभराच्या तयारीने कार्यक्रम करू शकतो, आणि एवढ्या वेळात त्याने प्रत्येक खुंटीची जागा पाठ केली असेल हे शक्य नाही; तो त्या वाद्यात देहाने वस्तीला जातो, असे त्यांचे म्हणणे. फेडरच्या बाबतीत ही वस्ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. फेडरची पूर्ण चाल बहुधा 100 मिलिमीटर असते आणि तिच्यावर डेसिबलच्या खुणा समान अंतराने नसतात. शून्याच्या आसपास एक सेंटीमीटर सरकले तर आवाजात थोडाच फरक पडतो, तळाशी मात्र तेवढ्याच अंतरात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हे कोष्टक कोणी पाठ करत नाही, ते अंगठ्याला येते. शिवाय माउस एका वेळी एकच गोष्ट धरतो. दोन बोटांनी आवाज किंचित वर आणि तबला किंचित खाली एकाच श्वासात नेणे, हा एकच निर्णय असतो, आणि माउसने तो केला तर त्याचे दोन तुकडे होतात.

या वस्तीला यंत्राने स्वतःच एक अडथळा घातलेला आहे. फेडर आठ आणि ट्रॅक चाळीस असतात, म्हणून ‘बँक’चे बटण दाबून पुढचे आठ ट्रॅक त्याच आठ फेडरांवर आणले जातात, बटण दाबताच सगळे फेडर खडखडत नव्या जागी जातात आणि तर्जनीखाली जो तबला होता तेथे आता तानपुरा असतो. हाताची सवय जागेला बांधलेली असते आणि जागेचा अर्थ मात्र बदलत राहतो. त्यासाठी प्रत्येक फेडरच्या वर एक छोटी पट्टी नाव दाखवते. मॅकी कंट्रोलच्या करारात एका ओळीत 56 अक्षरे मावतात, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला सात. ती अक्षरेही रोमन लिपीतलीच, कारण करार आखताना देवनागरीची सोय केलेली नव्हती. मराठी तंत्रज्ञाने ट्रॅकला दिलेले ‘मुख्य गायन’ हे नाव पडद्यावर नीट दिसते, पण यंत्राच्या पट्टीवर येत नाही. महत्त्वाचे ट्रॅक आधीच ठरवून पहिल्या आठांत एकत्र ठेवणे हा यावरचा उपाय साधा आहे, परंतु त्यासाठी मुद्रणातले महत्त्वाचे काय हे फेडरला हात लावण्यापूर्वी ठरवावे लागते.

आक्षेपाचे खरे उत्तर मात्र हाताच्या सवयीत नसून कानात आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच्या चार सूत्रांत कर्म आणि ज्ञान यांत एक मूलगामी भेद केला आहे. कर्म पुरुषतंत्र असते, म्हणजे ते करणे, न करणे किंवा वेगळ्या रीतीने करणे माणसाच्या हाती असते. घोड्यावरून जावे, पायी जावे किंवा जाऊच नये. ज्ञान तसे नसते, ते वस्तुतंत्र असते. खांब दिसत असताना तो खांब आहे की माणूस हे आवडीने ठरवता येत नाही. मिक्सिंगचे सारे मर्म या भेदात आहे. फेडर कोठे न्यायचा हे पुरुषतंत्र आहे, काय ऐकू येते हे वस्तुतंत्र असायला हवे. ते तसे राहत नाही, हेच या कामातले मोठे संकट. तंत्रज्ञ एखाद्या प्लगइनचा, म्हणजे ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचा, नॉब बराच वेळ बारकाईने फिरवतो, आवाज सुधारत चालल्याचे त्याला स्पष्ट ऐकू येते आणि मग ध्यानात येते की ते प्लगइन बंदच होते. या धंद्यात हे कोणालाही चुकलेले नाही. आवाज नुसता थोडा मोठा केला तरी तो अधिक चांगला वाटतो हेही सर्वांना ठाऊक आहे. डोळ्यांनी पाहिलेली रेघ आणि हाताची इच्छा कानावर आरोपित होते. ज्ञान पुरुषतंत्र होऊन बसते. शास्त्राने याला अध्यास म्हटले, एकाचे धर्म दुसऱ्यावर लादणे.

कंट्रोल सरफेसचा सर्वांत मोठा उपयोग येथे आहे, आणि विक्रीच्या पत्रकांत तो सहसा सांगितला जात नाही: त्याच्यामुळे पडदा बंद करता येतो. माउसने काम करणाऱ्याला पडद्याकडे पाहावेच लागते, कारण त्याच्या हाताला स्वतःची जागा कळत नाही. फेडरवर बोट असले की जागा त्वचेला कळते, डोळे मोकळे होतात आणि कानापुढे वस्तू एकटी उरते. सरफेस घेऊनही जो पडद्यावरची रेघच न्याहाळत बसतो, त्याने एक महागडा माउस घेतला आहे.

दर्शनांचा हा आधार एका ठिकाणी संपतो आणि ते मान्य केले पाहिजे. कर्मसिद्धांतात केलेले कर्म पुसता येत नाही. ते भोगून किंवा ज्ञानानेच संपते. मॅकी कंट्रोलवर मात्र ‘सेव्ह’च्या शेजारी ‘अनडू’चे बटण असते आणि झालेले कर्म झालेच नव्हते असे करता येते. वरवर पाहता ही मुक्ती वाटते, परंतु तिची किंमत मोजावी लागते: प्रत्येक निर्णय मागे घेता येत असल्यामुळे कोणताच निर्णय घेतला गेला असे वाटत नाही आणि एकाच गाण्याची मिक्स आठवडेच्या आठवडे रेंगाळते. तीन तंत्रज्ञ कन्सोलला खेटून उभे असताना ही चैन नव्हती. सुदैवाने एक कृती अशी उरलेली आहे जिच्यानंतर श्रोत्यापुरते परतणे नाही, आणि ती म्हणजे रेंडर, म्हणजे सर्व ट्रॅक आणि त्यांवरच्या सर्व हालचाली एकत्र ओतून अंतिम फाइल तयार करणे. ती फाइल बाहेर गेली की कोणती हालचाल कालच्या हाताची आणि कोणती आजच्या, हे कोणालाही वेगळे काढता येत नाही. सगळी एकाच माणसाच्या नावावर जमा होते.

म्हणून रेंडरचे बटण दाबण्यापूर्वी सारे ट्रॅक टचवर ठेवावेत, पडदा बंद करावा, गायनाच्या फेडरजवळ उघडे बोट तयार ठेवावे आणि गाणे पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, मध्ये न थांबता, एकदा ऐकावे. जेथे कान सांगेल तेथेच फेडरला स्पर्श करून तो हलवावा आणि इतरत्र जुन्या रेघेला तिच्या वाटेने जाऊ द्यावे. एवढे एक ऐकणे प्रत्येक मिक्सच्या शेवटी राखून ठेवावे, अशी या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे.